निळा खटका कोणी बंद केला?

मी एक जुना दिवा आहे, ही गोष्ट मी आरंभीच मान्य करून टाकतो. मी एक खोटा दिवा आहे, ही गोष्ट मात्र मी कदापि मान्य करणार नाही. मित्रांनो, या दोन विधानांतील अंतर तुमच्या ध्यानी यावे, एवढ्याचसाठी मी आज बोलण्याचे धाडस करीत आहे.

सुरतेबाहेर, हजिऱ्याच्या रस्त्याला, इच्छापोर येथे एक प्रयोगशाळा आहे. तेथे झाडांची रोपे मातीत न रुजविता काचेच्या बाटल्यांत वाढवितात. झाडाच्या कोवळ्या फांदीवरचा एक डोळा कापून घ्यावा, तो धुऊन निर्जंतुक करावा, अन्नद्रव्ये मिसळलेल्या थिजलेल्या जेलीवर अलगद ठेवावा आणि बाटलीला झाकण लावावे. पुढे त्या एका डोळ्यातून देठ, पाने, मुळे असे सगळे झाड फुटते. बाटल्यांच्या मांडण्या जेथे आहेत त्या खोलीला खिडकी नाही. सूर्याला तेथे प्रवेश नाही. सूर्याचे काम तेथे मला आणि माझ्या भावंडांना दिलेले आहे. हे मी गर्वाने सांगत नाही. ज्याच्यावर एवढे मोठे काम सोपविले त्यालाच पुढे गुन्हेगार ठरविण्यात आले, म्हणून सांगणे भाग आहे.

माझा जन्म उधन्यातील एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ॲल्युमिनियमच्या एका लांबट पट्टीवर कारागिराने दिव्यांचे बारीक ठिपके बसविले. काही लाल, काही निळे. दोन्ही रंगांची तार वेगळी आणि खटकाही वेगळा. माझ्या अंगात हिरवा ठिपका एकही नाही. त्यामुळे मी पेटलो की जांभळट गुलाबी उजेड पडतो, आणि त्या उजेडात हिरवे पान काळे दिसते. पान हिरवा रंग परत फेकते म्हणून ते हिरवे दिसते. जो रंग मी दिलाच नाही, तो पानाने परत कोठून द्यावा? इतकी सोपी ही गोष्ट, पण प्रयोगशाळा पाहायला येणारे शहाणेसुरते लोक दारातूनच हळहळत, "अरेरे, सगळी रोपे जळाली वाटते!" आणि जाताना माझ्याकडे अशा नजरेने पाहत, जणू मीच विस्तव आहे!

बाटल्या धुणाऱ्या धुरपदाबाईंनी मला प्रथम पाहिले, तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून दारातच थांबल्या. "हाई कसानं लायटिंग शे वं माय? कोन्हं लगीन शे का आठे?" असे त्यांनी आपल्या अहिराणीत विचारले. रोपांची देखभाल करणारी दीप्ती हसून म्हणाली, "लग्न नाही मावशी, बाळंतिणीची खोली आहे. आवाज हळू करा." ही थट्टा मला मुळीच लागली नाही. धुरपदाबाई पहिल्या दिवशी हसल्या. पण दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने माझ्यावरची धूळ त्यांनीच पुसली. जो पुसतो त्याला हसण्याचाही अधिकार आहे.

आता माझ्या कामाविषयी थोडे. ते समजल्याशिवाय माझा राग तुम्हांला समजणार नाही. लाल प्रकाश रोपाला अन्न तयार करायला लावतो आणि त्याचे खोड उंच ताणतो. निळा प्रकाश त्याच खोडाला आवरतो, पाने रुंद आणि जाड करतो, पानावरची बारीक श्वासछिद्रे उघडतो. लाल म्हणतो, चल. निळा म्हणतो, आधी नीट उभा राहा. प्रत्येक जातीच्या झाडाला दोहोंचे प्रमाण निरनिराळे लागते, हे मी प्रामाणिकपणे सांगून ठेवतो. सागाला जे मानवले ते चंदनाला मानवेलच, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. परंतु यांपैकी एकाला अजिबात हाकलून द्यावे आणि दुसऱ्याकडून दोघांचे काम करून घ्यावे, ही कल्पना कोणत्याही झाडाला सुचलेली नाही. ती माणसालाच सुचली.

माझी पहिली काही वर्षे मोठ्या सुखात गेली. माझ्या मांडणीवर सागाची रोपे वाढली, बांबू वाढला. दीप्ती प्रत्येक बाटली भिंगाखाली धरून देठाची जाडी पाही आणि खटके त्याप्रमाणे लावी. रोपे बाटलीतून बाहेर पडत, जाळीच्या मांडवात काही आठवडे वारा आणि ऊन यांची सवय करून घेत आणि मग गाडीत बसून निघून जात. प्रयोगशाळेचे मालक भूपेंद्रभाई तेव्हा पाहुण्यांना माझ्यासमोर आणून सांगत, "आ जुओ, हा आमचा सूरज!" भूपेंद्रभाईंचे कुटुंब मूळचे खानदेशातले, पण त्यांचा जन्म सुरतेतल्या बमरोलीचा. तेथे त्यांचे माग आहेत, साडीच्या कापडाचा जुना व्यापार आहे. मराठी बोलता बोलता ते गुजरातीत केव्हा शिरतात, ते त्यांचे त्यांनाही कळत नाही. माणूस वाईट नव्हे. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवितो, कारण चिडलेल्याने अन्याय करू नये.

एके दिवशी दीप्तीबरोबर एक म्हातारे गृहस्थ आले. स्वच्छ पांढरा सदरा, हातात काठी, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पिंपळाची एक डहाळी त्यांनी छातीशी धरलेली. ते दीप्तीचे आजोबा, काशीराम. त्यांचे सगळे आयुष्य गिरणीच्या फोल्डिंग खात्यात, म्हणजे विणलेले कापड घडीघडीने मोजण्यात गेलेले. भुसावळकडून ते आणि त्यांचे सोबती सुरतेच्या नवागामात राहायला आले, तेव्हा त्यांनी विहाराच्या अंगणात हा बोधिवृक्ष लावला होता. आता तेथून मोठे गटार जायचे होते आणि झाडावर तोडण्याची खूण पडली होती. रोपवाटिकेतल्या माळ्यांनी दोनदा फांद्या लावून पाहिल्या; म्हाताऱ्या झाडाच्या फांद्यांनी मुळे धरली नाहीत, त्या वाळून गेल्या.

"बी लावून दुसरा पिंपळ होईल, आबा," दीप्ती म्हणाली.

"दुसरा होईल. आमचा नाय होनार," काशीराम म्हणाले. "ह्याला पानी घालणारे निम्मे लोक गेले, पोरी. आता ह्यो बी जाईल, म्हंजे आम्ही हितं आलो होतो हे सांगायला कोन राहील?"

दीप्तीने डहाळी घेतली. भूपेंद्रभाईंनीही आडकाठी केली नाही. "काका, तुमचं झाड ते आमचं झाड. जागा पाहिजे तितकी घ्या," असे ते म्हणाले. त्यांचे हे बोलणे मनापासूनचे होते. त्या डहाळीवरचे डोळे कापून बाटल्यांत गेले. पुष्कळ कुजले, काही तगले. जे तगले ते माझ्या मांडणीवर आले. थंडीत नवागामचे झाड तुटले. आता त्या झाडाचे जे काही या जगात उरले होते, ते माझ्या उजेडाखाली होते. विहाराच्या मंडळींनी गटारापासून दूर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खड्डा खणून ठेवला आणि येत्या वैशाखी पौर्णिमेला तेथे रोप लावायचे ठरविले.

रोपे हळू वाढत होती. पण जशी वाढायला हवी होती तशीच वाढत होती. देठ आखूड, पाने रुंद. आणि मग तो प्रसंग घडला.

माझ्या शेजारच्या मांडणीवरील एका पट्टीची निळी तार जळाली. दोन-तीन आठवड्यांत तिच्याखालची सागाची रोपे भराभर उंच झाली. भूपेंद्रभाई खोलीत आले आणि तेथेच खिळून राहिले. त्या दिवशी काशीरामही आपले झाड पाहायला आले होते.

"दीप्तीबेन! आ लाइन जो तरी! काय लांबी आली आहे!"

"निळा लाइट उडाला आहे, सर. म्हणून ती ताणली गेलीत. खोड बघा, दोऱ्यासारखं आहे."

"उडाला तर सारुं थयुं, चांगलंच झालं! बाकीचे पण बंद कर."

"सर, ही लांबी खरी नाही."

"लांबी खोटी कशी असेल? मीटर लाव अन् माप. खोटं माप मी बमरोलीत देत नाही, इथे देणार? गिऱ्हाईक आल्यावर काय बघतं? उंची बघतं. पानाची जाडी बघायला कोण भिंग घेऊन येतो?"

दीप्तीने आशेने आजोबांकडे पाहिले. काशीरामांनी पिंपळाच्या बाटलीला अंगठा आणि करंगळी लावून वीत भरून पाहिली. ती कोठेच भरेना. मग त्यांनी शेजारची उंच रोपे पाहिली.

"शेठ बराबर बोलतेत, पोरी. पौर्निमा आली. एवढंसं रोप लोकांना काय दाखवू? आमच्या खात्यात कापडाचा ताका लांबीला कमी भरला की मुकादम दिवसभर उभा करायचा."

"आबा, हे कापड नाही."

"कापड नाय, पन माप तर हाये ना?"

मित्रांनो, मोजण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांची ही चूक आहे. ज्या शहरात घराघरांतून कापड निघते आणि लांबीवर विकले जाते, तेथे उंच ते चांगले, ही समजूत माणसांच्या बोटांतच उतरलेली असते. कापड ओढले की ताठ होते. देठ ओढला की दुबळा होतो. दीप्तीने हे दोनदा सांगितले. दोनदा तिला, "थोडी सबुरी ठेव, बेन," असे उत्तर मिळाले. आणि वस्तुतः जे सबुरी सोडून बसले होते तेच तिला सबुरी शिकवीत होते! शेवटी तिने हात वर केला आणि माझा निळा खटका बंद केला.

ते दिवस मला फार जड गेले. अर्धे अंग बधिर होऊन मी केवळ लाल जळत राहिलो. रोपे मान उंचावत चालली. देठावर दोन पानांमधले अंतर वाढले, पाने लहान आणि फिकी झाली. काशीराम येत, वीत लावीत आणि आनंदाने हसत. "आता कसं! आता झाड वाटतंय!" त्यांच्या आनंदाकडे पाहून मला ओरडावेसे वाटे, पण दिव्याला जिभेऐवजी तार दिलेली असते.

फाल्गुनात निम्म्याहून अधिक रोपे बाटल्यांतून काढून, पेल्यांत लावून जाळीच्या मांडवात नेली. मांडव मला दिसत नाही; धुरपदाबाईंनी दीप्तीला जे सांगितले ते मी ऐकले. "अवं माय, सगळी आडवी झाली! जशी काई दारू प्यायेल!" खाडीकडचा कोरडा वारा सुटला आणि त्या उंच, देखण्या रोपांनी एकेक करून मान टाकली. काड्यांना बांधले, पाणी फवारले. काही उपयोग झाला नाही. मांडवात नेलेला साग गेला आणि पिंपळही गेला.

आणि मग काय झाले? ज्या गिऱ्हाइकाला रोपे द्यायची होती, तो भूपेंद्रभाईंवर बरसला. भूपेंद्रभाई खोलीत आले, माझ्याकडे बोट दाखविले आणि म्हणाले, "हा लाइटच खोटा आहे. काढून टाका सगळे. भंगारवाल्याला बोलवा, पांढऱ्या ट्यूब लावा."

माझ्या देखत माझी भावंडे उतरविण्यात आली. ज्यांना काल 'आमचा सूरज' म्हटले, त्यांच्या पट्ट्या सुतळीने बांधून दारामागे उभ्या केल्या. त्या संपूर्ण दिवसात, त्या खोलीत आलेल्या एकाही माणसाने एक साधा प्रश्न विचारला नाही, की निळा खटका कोणी बंद केला? हुकूम करणाऱ्याने विचारला नाही, हुकुमाला मान डोलावणाऱ्याने विचारला नाही. चाकूचे पाते तुम्हीच बोथट करावे आणि मग भाजी चिरली जात नाही म्हणून लोखंडाला शिव्या द्याव्या, असला हा न्याय! लाल प्रकाश वाईट आहे, असेही मी कोणाला म्हणू देणार नाही. लालने जे सांगितले तेच केले. त्याला आवरणारा जोडीदार तुम्ही काढून घेतला, यात त्याचा काय अपराध?

मी तेवढा राहिलो. पिंपळाच्या शेवटच्या बाटल्या माझ्याखाली होत्या आणि त्या हलवायला दीप्तीने साफ नकार दिला. याच बाटल्यांवरून पौर्णिमेच्या आठवड्यात माझ्यासमोर जे बोलणे झाले, ते मी कधी विसरणार नाही.

भूपेंद्रभाईंनी मार्ग काढला होता. "काका, ही उंच रोपं आहेत ने? त्यातलं एक काढू, काठी बांधू, पौर्णिमेला लावू. लोक येतील, फोटो होईल. नंतर मेलं तर दीप्तीबेन दुसरं करेल."

"दुसरं कशातून करू, सर?" दीप्ती म्हणाली. "आता एवढंच आहे. झाड तुटलं, डहाळी संपली. आबा, ह्यांचे देठ लांब आहेत, त्याचा एकच फायदा आहे. प्रत्येक पेराचा तुकडा करता येईल. एकेका तुकड्यावर एक डोळा. पुन्हा बाटलीत, पुन्हा दोन्ही लाइटखाली, सुरुवातीपासून."

"मंग पौर्निमेला?"

"पौर्णिमेला काही नाही. पुढच्या वैशाखाला, झालं तर."

काशीराम स्टुलावर बसले.

"पुढचा वैशाख," ते म्हणाले. "डॉक्टर मला पुढच्या म्हैन्याची गोळी देतो ती बी विचार करून देतो."

भूपेंद्रभाईंनी संधी साधली. "म्हणून तर सांगतो काका. तुमच्या हातानं लागू दे. तुमच्या डोळ्यांसमोर."

काशीरामांनी एक बाटली उचलली. या वेळी वीत लावली नाही. बाटली जराशी कलती केली. आतला उंच देठ आपल्याच वजनाने वाकला आणि काचेला टेकला.

"पोरी, तुकडे केले तर जगतील?"

"सांगता येत नाही, आबा."

"अन् हे असंच खड्ड्यात लावलं तर?"

"ते सांगता येतं."

म्हातारा हसला. अगदी मोकळे हसला. "शेठ, बघा, इमानदार पोरगी हाये. फोटोपुरतं झाड नको. मी गेलो तर ही लावील. पन झाड गेलं तर मला घेऊन काय करायचं? काप, पोरी. अन् तो निळा चालू कर. बंद करा म्हननाऱ्यांत मी बी व्हतो."

दीप्तीने निळा खटका चालू केला. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या बधिर अंगात जे परत आले, त्याला तुम्ही वीज म्हणा; माझ्यापाशी त्याला दुसरा शब्द आहे, पण तो दिव्याने वापरणे शोभणार नाही.

पौर्णिमेला विहाराच्या अंगणात काय घडले, ते दीप्तीने दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईंना सांगितले. वंदना झाली. सगळे खड्ड्याभोवती जमले आणि रोप कोठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. तेव्हा काशीराम काठी टेकीत पुढे झाले आणि म्हणाले, "जयभीम. झाड आलं नाय. ते अजून तयार व्हतंय. आपल्याला घाई झाली व्हती, म्हनून एकदा मेलं. आता परत बलावू तवा या. खीर मातर खाऊन जा." कोणीतरी मागून म्हणाले, "आबा, मग हा खड्डा बुजवायचा का?" त्यावर ते खेकसले, "बुजवशील तर तुलाच त्यात उभा करीन!" लोक हसले, खीर खाऊन घरी गेले, आणि खड्डा तसाच राहिला. त्याच्याभोवती आता विटांचे कडे आहे.

पावसाळा गेला, दिवाळीही गेली. कापलेल्या तुकड्यांपैकी कित्येक बुरशीने गेले. जे राहिले ते माझ्याखाली आहेत. ठेंगणे, जाड देठाचे, रुंद पानांचे. भूपेंद्रभाई कधी दारातून डोकावतात, रोपांची उंची पाहून तोंड वाकडे करतात. पण खटक्याला हात लावीत नाहीत. माझ्या भावंडांना भंगारवाल्याने केव्हाच नेले. त्यांच्या जागी लागलेल्या पांढऱ्या ट्यूबांशी माझे वैर नाही. त्या बिचाऱ्या आपले काम करतात. परंतु माझी भावंडे निर्दोष होती, हे मी मरेपर्यंत सांगत राहीन.

तेव्हा मित्रांनो, माझी विनंती ऐका. आणि ती विनंती थोडी रागाची आहे, हेही समजून घ्या. कोणतेही साधन बिघडले असे वाटले की आधी त्याच्याकडून तुम्ही काय मागितले होते ते आठवा. त्याचे अर्धे अंग तुम्हीच तर बंद केले नव्हते ना, ते पाहा. आणि जे वाढते आहे, मग ते रोप असो की तुमच्या वर्गातले एखादे ठेंगणे मूल असो, त्याच्या शेजारी मोजपट्टी घेऊन उभे राहू नका. त्याला काय मिळते आहे आणि काय मिळत नाही, ते विचारा.

परवा काशीराम आले होते. फार थकले आहेत. भिंतीला धरून धरून माझ्यापर्यंत पोहोचले. त्यांनी बाटल्यांकडे पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, "नेऊ का एक?"

"अजून नाही, आबा," दीप्ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून माझ्या उजेडात बसले.